खिशातल्या चाकूची जन्मपत्रिका

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारे पुजायची आपल्याकडे चाल आहे. ज्यांच्या घरी तलवार, त्यांनी तलवार पुजावी. आम्हा लेखणीबहाद्दरांच्या घरी विळी, कात्री, अडकित्ता आणि फार तर एखादा मिटता चाकू एवढेच शस्त्रागार! पण पूजेआधी हे सारे घासूनपुसून लखलखीत करण्याचा घरच्या मंडळींचा उत्साह पाहिला, की जुन्या चाकूंच्या नादी लागलेल्या माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. का, ते कळण्यासाठी बीडची हकिकत सांगितली पाहिजे.

बीडला माझे एक स्नेही आहेत, मूळचे गेवराई तालुक्यातल्या एका गावचे कुलकर्णी. त्यांच्या फडताळात शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा एक चाकू आहे. पणजोबांचा म्हणून तो दर खंडेनवमीला पाटावर विराजमान होतो. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, गावात धान्य आले तेव्हा पहिल्या पोत्याची शिवण पणजोबांनी याच चाकूने उसवली, ही कथा घरातल्या पोराबाळांना तोंडपाठ. पुढे दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन, घर, भांडीकुंडी सगळे गोडीगुलाबीने वाटले गेले. अडले ते या चाकूपाशी. थोरला म्हणे, देवघर माझ्याकडे, म्हणून चाकू माझा. धाकटा म्हणे, पणजोबांचे नाव मला ठेवले आहे! शेवटी, "तुम्हाला यातले कळते ना? मग एकदा पाहून तरी जा," असा मला निरोप आला.

मी पोचलो तो नवमीच्या आदल्या दिवशी. थोरले बंधू काचकागद घेऊन पाते घासायलाच बसले होते. मी जवळजवळ ओरडलोच!

वाचकहो, लोखंडाचे वय सांगणे मोठे कठीण काम. याच जिल्ह्यातून दर साली हजारो माणसे ऊसतोडीला जातात. नवराबायकोच्या जोडीलाच तिथे 'कोयता' म्हणतात. पण त्या कोयत्यावर ना सन, ना शिक्का. लोहाराने केव्हा घडवला, ते लोहारच जाणे. परदेशी चाकूचे तसे नाही. त्याचे पाते अर्धे उघडा आणि मुठीत शिरते तिथला चपटा, बिनधारेचा भाग भिंगाखाली धरा. तिथे बारीक अक्षरे ठोकलेली असतात. तीच त्याची जन्मपत्रिका. मात्र काचकागदाने आधी तीच जाते.

आपल्याकडे जुन्या घरांतून पुष्कळदा निघतो तो शेफील्डचा चाकू, आणि त्यातही रॉजर्सचा. तारा आणि क्रूस ही त्याची खूण. या कारखान्याला 1822 साली इंग्लंडच्या राजाचे कटलर होण्याचा मान मिळाला, आणि तेव्हापासून पात्यावर मुकुट व राजाची आद्याक्षरे झळकू लागली. मुकुटाच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' असले तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे 1901 च्या आतले. 'ई' आणि 'आर' असले तर बहुधा सातवा एडवर्ड, 1901 ते 1910. 'जी' आणि 'आर' म्हणजे जॉर्ज. पण इथे जरा सांभाळावे, कारण जॉर्ज एकटा नव्हे! चौथा जॉर्ज 1830 साली वारला, पाचवा 1910 ला गादीवर आला आणि सहावा 1952 पर्यंत होता. कोणता जॉर्ज, ते इतर खुणांवरून ठरवावे लागते.

त्या इतर खुणाही काही कमी बोलक्या नाहीत. अमेरिकेने 1890 साली कायदा केला, की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव हवेच. त्यामुळे शेफील्डपुढे 'इंग्लंड' असा शब्द दिसला तर चाकू बहुधा 1891 नंतरचा. 'वेस्ट जर्मनी' वाचले की 1949 च्या मागे जायचेच नाही. लाल मुठीच्या स्विस चाकूवर व्हिक्टोरिनॉक्स हे नाव असेल तर तो 1921 नंतरचा. कारखानदाराच्या आईचे नाव व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादाला फ्रेंचमध्ये म्हणतात 'इनॉक्स'. दोन्ही जोडून ते नाव झाले.

मुठीवर मात्र फार विसंबू नये. शिंग काय, हाड काय, शे-दीडशे वर्षे सारखेच दिसते, आणि मूठ बदलूनही घेता येते. पोलादाचे तसे नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली न गंजणारे पोलाद काढले. त्याआधीचे पाते कैरी चिरली की काळेनिळे पडायचेच. काहीजण लोहचुंबक लावून पाहतात, पण तो खटाटोप व्यर्थ. चाकूचे स्टेनलेस पातेही चुंबकाला चिकटते. या साऱ्यात एकच धोरण ठेवावे: चाकूवर दहा खुणा जुन्या आणि एक नवी असली, तर त्या नव्या खुणेचेच ऐकावे.

आता त्या बीडच्या चाकूकडे वळू. मोठ्या पात्याची अक्षरे वर्षानुवर्षांच्या घासण्याने पुसट झाली होती. मुकुटाचा अर्धा भाग आणि 'जी' ची कमान तेवढी दिसत होती. धाकटे पाते मात्र कोणी फारसे उघडले नसावे. तिथे स्वच्छ होते: शेफील्ड, इंग्लंड. आणि खाली एक शब्द: स्टेनलेस.

दुष्काळाच्या साली असले पोलाद जगात कुठेच नव्हते.

हे सांगताना मला फार अवघड वाटले. थोरल्या बंधूंचा चेहरा पडला. धाकटे म्हणाले, "म्हणजे पणजोबांची गोष्ट खोटी?" कोणीच काही बोलेना. इतक्यात आतून त्यांच्या मातोश्री भिंत धरत धरत आल्या. वय अठ्ठ्याऐंशी. म्हणाल्या, "गोष्ट खोटी नाही रे. तो चाकू आडात पडला. हा मामंजींनी हैदराबादेहून आणलेला. तुम्ही कधी विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही."

मग त्यांनी आपल्या पत्र्याच्या डब्यातून एक घडी काढली. उर्दूतली पावती. हैदराबादचे दुकान, किंमत हाली रुपयांत, आणि साल 1342. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, तेव्हा उर्दू कागद निघाल्याचे नवल नव्हते. धाकट्यांनी लगेच हिजरी धरून 1923-24 असा हिशेब केला. पण शेजारचे एक वृद्ध मुसलमान गृहस्थ मुद्दाम आले, चष्मा सारखा करून वाचले आणि म्हणाले, "सन फसली लिहिलंय, भाऊ." फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे, म्हणजे 1932-33. तेव्हा गादीवर पाचवा जॉर्ज. 'जी' चा उलगडा झाला.

"आडात कसा पडला?" थोरल्यांनी विचारले.

"पोहऱ्याची दोर गुंतली होती, ती कापायला वाकले होते म्हणे. मामंजी लहान होते, काठाशी उभे. थोर झाले, पहिला पगार झाला, तेव्हा वडिलांच्या चाकूसारखाच शोधून आणला. मूठ शिंगाचीच हवी म्हणून तीन दुकानं फिरले."

पावती पुन्हा घडी होऊन डब्यात गेली. मातोश्रींनी समईतले बोटभर तेल पात्याला लावले, चाकू मिटला आणि तोही डब्यात ठेवला. वाटणीचे त्या दिवशी कोणी काढले नाही. काचकागद तेवढा थोरल्यांनी चुलीत घातला.