कुलपातली कुंभारीण

पोरांनो, कांदा चिरताना आजीच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तुम्ही हसता. हसा, पण आपण चाकणमध्ये राहतो. कंपन्या आल्या त्याच्या कितीतरी आधीपासून हे गाव ओळखलं जायचं ते कांद्या-बटाट्याच्या बाजाराने. आजही हंगामात टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, सगळ्या हवेला कांद्याचा वास असतो. अशा गावच्या पोरांना कांदा का रडवतो ते ठाऊक असलंच पाहिजे.

कांदा हा त्या रोपाने स्वतःसाठी केलेला साठा असतो. पुढे दांडा उंच काढायचा, फुलायचं, बी धरायचं, त्या सगळ्याची शिदोरी त्या पाकळ्यांत भरलेली असते. जमिनीखाली ती खायला टपलेले पुष्कळ. म्हणून रोप मातीतलं गंधक शोषून घेतं आणि त्याची काही द्रव्यं करून पेशींत भरून ठेवतं. त्याच पेशीत, पण वेगळ्या कप्प्यात, एक विकर असतं. कांदा अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. दात लागला किंवा सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही मिसळतात आणि क्षणात वायू तयार होतो. तो डोळ्यांच्या ओलाव्यात शिरला की डोळे चुरचुरतात आणि पाणी सोडून त्याला धुऊन काढतात. बरीच वर्षं शास्त्रज्ञ समजत होते की हे सगळं एकच विकर करतं. २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की यात दुसरंही विकर आहे आणि ते नसेल तर हा रडवणारा वायू तयारच होत नाही. आजीला सांगा, कांदा अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव आणि सुरीला धार लाव. गारव्याने विकर मंदावतं, आणि धारदार सुरीने पेशी कमी चेंगरतात.

आता मागच्या दारी या. तुमच्या आईने आज आमटीला फोडणी द्यायला घेतली आणि कढीपत्ता आणायला गेली, तर कुंडीत जवळजवळ नुसत्या काड्या. ती चिडली, आणि तिचं चिडणं मला पटतं. सहा महिने जपलेलं झाड एका आठवड्यात कुणी फस्त केलं तर कुणालाही राग येईल. पण खाणारं कोण ते बघा. या खालच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते ना, काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा? काडीने हळूच डिवचा. हलली! ती अळी आहे, लिंबाच्या फुलपाखराची. लहानपणी चिमण्या-बुलबुलांपासून वाचायचं, तर त्यांच्याच विष्ठेचं सोंग घ्यायचं. कुठला पक्षी स्वतःची घाण चोचीत धरेल? चार वेळा कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते, कारण आता ती मोठी झालेली असते आणि एवढी मोठी विष्ठा कुणाला खरी वाटणार नाही. तेव्हा मात्र तिला डिवचलंत तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र आंबट वास सोडते. मुंगी असो की कोळी, मागे सरतो.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते तिच्या आईचं. लिंबू, बेल आणि कढीपत्ता दिसायला किती वेगळे! तरी ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, हे वनस्पतिशास्त्रज्ञांना फुलं-फळं तपासून ठरवावं लागलं. फुलपाखराची मादी पानावर उतरते, पुढच्या पायांनी पानावर टपटप मारते आणि पायांनीच चव घेते. चव पटली तर मोत्याएवढंही नाही असं एक फिकट पिवळं अंडं ठेवते आणि पुढच्या पानाकडे जाते. गुलाबावर, मोगऱ्यावर, तुळशीवर ती अंडं घालत नाही, कारण तिथे तिची पोरं उपाशी मरतील.

पोट भरलं की अळी एखाद्या काडीला शेपटाकडून चिकटते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधते आणि कोष होते. आत काय चालतं ते ऐकाल तर जेवण विसराल. अळीच्या शरीराचा बराचसा भाग विरघळून जातो. पंख, लांब पाय, मध ओढायची सोंड, यांच्या इवल्या चकत्या अळीच्या अंगात आधीपासून असतात, त्या आता वाढू लागतात. मग पूर्वीचं काही उरतं का? २००८ साली अमेरिकेतल्या जॉर्जटाऊन विद्यापीठात हे पाहिलं गेलं. तंबाखूच्या पानावर जगणाऱ्या एका पतंगाच्या मोठ्या अळ्यांना एक वास दिला आणि त्याबरोबर हलका विजेचा झटका. अळ्या तो वास टाळायला शिकल्या. मग त्या कोषात गेल्या, पतंग होऊन बाहेर आल्या, आणि त्या पतंगांपैकी बहुतेकांनी तो वास टाळला. एवढी मोडतोड होऊनही शिकलेलं शिल्लक राहिलं होतं.

म्हणून मी तुमच्या आईला सांगितलं की फोडणीपुरती पानं शेजारून आणू, या चार अळ्या राहू देत. कढीपत्त्याला नवी पालवी फुटायला वेळ लागत नाही. कोष झाला की आठवड्या-दीड आठवड्यात काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके आणि मागे तांबडा डाग असलेलं फुलपाखरू त्या काडीवर पंख वाळवत बसेल, आणि ते बघायला सगळ्यात आधी तीच धावेल.

आता कुलपाची गोष्ट. ही मोठी आहे, नीट बसा.

तुमचा बाबा थर्ड शिफ्ट करून सकाळी दमून आला. मागच्या दाराच्या कुलपात किल्ली जाईना. भोकात माती घट्ट बसलेली. तो वैतागला, आणि तुम्ही दोघं मिळून म्हणालात की कुणीतरी मुद्दाम केलं. मुद्दाम केलं हे खरं, पण ते करणारी कुंभारीण माशी होती. काळी-पिवळी किंवा तांबूस, आणि कंबर इतकी बारीक की तुटेल असं वाटतं. मोहोळ करणाऱ्या गांधीलमाश्यांची ही लांबची नातलग, पण हिचा कळप नसतो, राणी नसते, मदतीला कुणी नसतं. एकटी येते आणि एकटी राबते. वाटेला गेलं नाही तर माणसाला चावायलाही येत नाही.

आपल्या कुंडीच्या ताटलीतलं पाणी ती पोटात भरून घेते. सुक्या मातीवर जाऊन ते थोडंथोडं सोडते, जबड्याने मळते, गोळी करते आणि घेऊन उडते. आपल्याकडची काळी माती या कामाला उत्तम. बेसाल्ट झिजून झालेली ती माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते, हे आपल्या शेतकऱ्यांना कुणी सांगायला नको. हिच्यातल्या काही जाती भिंतीवर मडकी घडवतात. मीटरच्या पेटीवर आहे ते पाहिलंत? संक्रांतीच्या सुगडासारखं, गोल पोटाचं आणि वर वळवलेल्या काठाचं, पण बोराएवढं. काही जाती मडकं घडवायचे कष्ट वाचवतात आणि तयार भोक शोधतात. बांबूची नळी, भिंतीतलं खिळ्याचं भोक, कुलूप.

घर झालं की ती आत एक अंडं घालते. फ्रान्समध्ये फाब्र नावाचे एक शाळामास्तर होते, त्यांनी किड्यांवर दहा खंड लिहिले, पहिला १८७९ साली आला. त्यांनी अशा मडक्याला बाजूने खिडकी पाडून आत पाहिलं. अंडं छताला एका धाग्याने टांगलेलं! का, ते आई पुढे काय करते त्यावरून कळतं. ती भाजीवरच्या बारीक, गुळगुळीत अळ्या शोधते, त्यांना डंख मारते आणि एकेक करून मडक्यात भरते. डंखाने अळी मरत नाही, लुळी पडते. मेली असती तर दोन दिवसांत सडली असती. लुळी आहे म्हणून पिल्लू मोठं होईपर्यंत ताजी राहते. पण लुळ्या अळ्याही वळवळतात, आणि त्या गर्दीत तळाला ठेवलेलं अंडं चेंगरलं असतं. म्हणून ते वर टांगायचं. अंड्यातून निघालेलं पिल्लूही सुरुवातीला लटकूनच खातं, आणि खाली वळवळ झाली की अंड्याच्या सालीत मागे सरकतं, असं फाब्रनी लिहून ठेवलं आहे. हे त्या आईला कुणी शिकवलं नाही. तिने स्वतःची आई पाहिलेली नाही, आणि तिची पोरंही तिला पाहणार नाहीत. तोंड मातीने बंद केलं की ती निघून जाते.

आपल्या पूर्वजांनी ही माशी डोळे उघडे ठेवून पाहिली होती. एकनाथ महाराजांनी इथून जवळच आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीचा शोध घेतला आणि १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्याआधी १५७३ साली काशीत त्यांनी एकनाथी भागवत पुरं केलं होतं. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, आणि त्या चोवीसांत ही माशी, म्हणजे भृंगी, आहे. भृंगी अळीला घरात कोंडते, अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि शेवटी भृंगीच होऊन बाहेर येते, अशी ती कथा. बाहेरून पाहिलं तर अगदी तसंच दिसतं. आत अळी गेली, दार बंद झालं, काही दिवसांनी माशी निघाली. ज्याचं ध्यान कराल तसे व्हाल हे नाथांना सांगायचं होतं, आणि मी ते आजही मनापासून मानतो. त्या बंद घरात टांगलेलं अंडं तेवढं कुणाला दिसलं नव्हतं.

नळीत किंवा कुलपात घर असेल तर आई मातीचे पडदे घालून ओळीने खोल्या करते. बहुतेक वेळा आतल्या खोल्यांत मुली आणि दाराजवळ मुलगे. मुलगे लवकर तयार होतात, ते मागे असते तर बहिणींना ढकलूनच बाहेर पडावं लागलं असतं. आणि कुठल्या खोलीत मुलगी, कुठल्या खोलीत मुलगा, हे आईच ठरवते. नराकडून मिळालेलं बीज ती अंगात साठवून ठेवते. त्याचा स्पर्श अंड्याला होऊ दिला तर मुलगी, नाही तर मुलगा. म्हणजे या माशीच्या मुलाला बाप नसतो. पण त्याच्या आईला बाप असतो, तेव्हा मुलाला आजोबा असतो! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

बाबाला सांगा, तुझं कुलूपच गेलं, तिकडे विमान परत फिरवावं लागलं होतं. २०१३ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला एक प्रवासी विमान काही तास उभं होतं. विमानाचा वेग मोजायला पुढे बारीक नळ्या असतात. उड्डाण झालं तर वेग चुकीचा दिसू लागला आणि वैमानिकाला परत उतरावं लागलं. नळीत मातीचं घरटं निघालं. तिकडे कुलपांच्या भोकांत राहणारी अशीच एक माशी आहे, मूळची अमेरिका खंडातली. तेव्हापासून तिथे उभ्या विमानांच्या नळ्यांवर टोप्या घालण्यावर भर देतात. आपल्या कंपन्यांतही पाइपची उघडी टोकं प्लॅस्टिकच्या कॅपने झाकतात. कुलपावर झाकण बसवणं आपल्यालाही जमेल, आणि ते मी उद्या बसवतो.

मला या माशीचे उपकार वाटतात. आपल्या भेंडी-वांग्यावर औषध मारायची वेळ क्वचित येते, त्यात तिचा वाटा आहे. एकेका खोलीत ती कितीतरी अळ्या नेते. आणि तिच्याही मागे कुणीतरी आहेच. हिरव्या-निळ्या झगझगीत अंगाची एक माशी कधी भिंतीपाशी घुटमळताना दिसेल, दागिन्यासारखी सुंदर. ती मातीच्या भिंतीला बारीक भोक पाडून आपलं अंडं आत सोडते, आणि कुंभारणीचे सगळे कष्ट तिच्या पिल्लाच्या पोटात जातात. कुंभारीण चवताळली तर ती अंगाचं मुटकुळं करून पडून राहते, तिच्या कठीण पाठीत डंख शिरत नाही. मला कुंभारणीसाठी वाईट वाटतं, पण त्या हिरवीलाही पोरं वाढवायचीच आहेत.

आता कामाला लागा. दिवाळीची साफसफाई तोंडावर आहे आणि आजी भिंतीवरून झाडू फिरवणार. टॉर्च घ्या आणि मीटरची पेटी, खिडकीच्या चौकटी, जिन्याखालची भिंत नीट बघा. मडक्याच्या कुशीला गोल भोक असेल तर पिल्लू बाहेर पडलंय, ते खुशाल खरवडा. तोंड बंद आणि अंग अखंड असेल तर आत कुणीतरी आहे. तशा प्रत्येकाशेजारी खडूने फुली मारा, आणि झाडू हातात घ्यायच्या आधी आजीला ती दाखवून ठेवा.