घाटात गाडी आचके देते तेव्हा

समजा, आपण आंबा घाट चढत आहात. पुढचा ट्रक ओलांडण्यासाठी आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबता आणि गाडी नेमकी तेव्हाच आचके देऊ लागते. समोरून एस.टी. येते आहे. अशा वेळी इंजिनातला बिघाड हा केवळ खर्चाचा प्रश्न राहत नाही.

पेट्रोल इंजिनाच्या गरजा तीनच. हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, म्हणजे वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. वेळेवर पडणारी ठिणगी. आणि सिलिंडरात पुरेसा दाब. मग गाडी सपाटीवर बरी चालते नि चढावरच का अडते? चढावर सिलिंडरात जास्त हवा भरते, दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली प्लगची फट ओलांडायला ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते. अशक्त कॉइल तिथे हात टेकते. म्हणून गॅरेजात 'गाडी नीट चालत नाही' एवढेच सांगू नका. केव्हा नीट चालत नाही, ते सांगा. उभ्या गाडीत इंजिन थरथरते आणि वेगात सुधारते, तर कुठून तरी हवा आत शिरत असावी. भार पडल्यावरच आचके बसतात, तर प्लग, कॉइल किंवा पेट्रोलचा पंप यांवर संशय घ्यावा.

आजच्या गाड्या आपले दुखणे संकेतांकाने सांगतात. पी-०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरात मिश्रण नीट पेटत नाही. पण का पेटत नाही, हे तो संकेतांक सांगत नाही! माझ्या गाडीत मिस्त्रींनी आधी प्लग बदलले, मग पंप. आचके होते तसेच राहिले. वास्तविक बिनपैशाची एक परीक्षा होती. प्रत्येक सिलिंडरावर स्वतंत्र कॉइल असेल, तर गार इंजिनावर दुसरी कॉइल तिसऱ्याच्या जागी बसवावी, संकेतांक पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता पी-०३०३ आला, तर दोष कॉइलचा. पुन्हा पी-०३०२ आला, तर तशीच प्लगची अदलाबदल करावी. त्यानेही उलगडले नाही तर इंजेक्टर, आणि शेवटी दाब मोजून घ्यावा.

एक मात्र लक्षात ठेवा. इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर ही परीक्षा करीत बसू नका. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि तो महागडा भाग जळून निकामी होतो. पाय सैल सोडा, सुरक्षित जागा पाहून गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.