घाटात क्लच जळला, बिल वाढलं

जोतिबाच्या घाटात, त्यातही चैत्र यात्रेच्या गर्दीत, अर्ध्या क्लचवर गाडी रेटली की प्लेट जळते. कोल्हापुरात ती बदलायला गिअरबॉक्स उतरवल्यावर गॅरेजमधून फोन येतो : प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंगही गेलंय. हे बरेचदा खरं असतं. गिअरबॉक्स खाली असतानाच बेअरिंग बदललं तर तीच मजुरी पुन्हा पडत नाही. तरी होकार देण्याआधी जुना भाग स्वतः बघा, वाढीव रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. गाडी सोडतानाच जॉबकार्डवर ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ असं लिहून घेतलेलं सगळ्यात उत्तम. न सांगता बिल फुगवलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.