न आलेले हसू : दादा कोंडके यांच्या विनोदाच्या आकलनाचा प्रश्न

करुण नाटक पाहताना डोळे कोरडे राहिले, तर प्रेक्षक सहसा नाटककाराला दोष देतो. परंतु सारे सभागृह हसत असता आपणच तेवढे गप्प राहिलो, तर शंका येते ती स्वतःच्या बुद्धीविषयी. या अवघड स्थितीतून सुटण्याचे दोन मार्ग माणूस शोधतो : एक तर तो इतरांबरोबर खोटे हसतो, नाहीतर त्या विनोदाला ‘ग्राम्य’ ठरवून मोकळा होतो. दोन्ही मार्ग व्यवहारात सोयीचे आहेत. अभ्यासाला मात्र ते सारखेच मारक आहेत.

बीड जिल्ह्यात पदव्युत्तर वर्गास विनोदी वाङ्मय शिकविताना प्रस्तुत लेखकास या दोन्हींचा प्रत्यय आला. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ वाचली जात असता खेड्यांतून आलेले काही विद्यार्थी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून मग हसत. दादा कोंडके यांचा विषय निघाला की तेच विद्यार्थी मोकळे होत, आणि अवघडण्याची पाळी शिक्षकावर येई. मराठी प्रेक्षकांच्या एका फार मोठ्या समूहाने ज्या नटाला तीन दशके डोक्यावर घेतले, त्याच्या विनोदात आहे तरी काय, हे लेखकास कळत नव्हते. हे न कळणे हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दादा कोंडके यांचा जन्म १९३२ साली मुंबईच्या गिरणगावातील नायगाव येथे झाला. त्यांचे मूळ घराणे भोरकडील. सेवादलाच्या कलापथकातून ते रंगभूमीवर आले. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ मधील लोकनाट्याने त्यांना कीर्ती दिली. भालजी पेंढारकरांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) मधून त्यांचा चित्रपटप्रवेश झाला. आणि ‘सोंगाड्या’ (१९७१), ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘पांडू हवालदार’ (१९७५) अशा चित्रपटांनी लोकप्रियतेचा कळस गाठला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

या लोकप्रियतेचे सर्वांत सोपे स्पष्टीकरण असे देण्यात येते की, ते ग्रामीण होते म्हणून ग्रामीण जनता हसली. हे स्पष्टीकरण टिकत नाही. एक तर हा नट मुंबईत जन्मला आणि वाढला. दुसरे असे की, त्यांच्या पडद्यावरील बोलीचे वळण पश्चिम महाराष्ट्रातील आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. ‘करायलोय’, ‘जायलोय’ अशी रूपे वापरणारी, उर्दू व दखनी शब्द सहज सामावून घेणारी येथील बोली त्या बोलीहून वेगळी आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात मराठवाड्याच्या प्रेक्षकाला स्वतःची बोली ऐकू आली, तशी ती कोंडके यांच्या चित्रपटांत ऐकू येत नाही. तरीही हा प्रेक्षक हसला. अर्थात् ओळख पटली ती गावाची नव्हे, भूमिकेची.

ती भूमिका म्हणजे तमाशातील सोंगाड्या. गण, गौळण, बतावणी आणि वग या क्रमाने रंगणाऱ्या तमाशात सोंगाड्याला एक विशेष मोकळीक असते. राजा, प्रधान, कोतवाल यांच्यासमोर तो मूर्खाचे सोंग घेऊन उभा राहतो, आणि जे शहाण्याने बोलू नये ते बोलून जातो. ‘विच्छा’च्या प्रयोगांत संहितेबाहेरची, चालू राजकारणावरची हजरजबाबी भर पडत असे. ती भर त्या रात्रीपुरतीच होती. आज विद्यार्थी छापील संहिता वाचतो, तेव्हा त्याच्या हाती चूल लागते, विस्तव नव्हे. शिवाय प्रथितयश नटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तो नुसता दिसताच लोक हसू लागतात, कारण मागील खेळांतील हसू त्यांच्या गाठीला असते. ज्याच्याजवळ ही पूर्वीची शिल्लक नाही, त्याला ते हसणे निष्कारण वाटावे यात नवल नाही.

दुसरा मुद्दा द्व्यर्थी संवादांचा. कोंडके यांच्या वाक्याचा वरचा अर्थ निरुपद्रवी असतो, आणि बोलणाऱ्याचा चेहरा भाबडा. आतील अर्थ पडद्यावर कोठेच उच्चारला जात नाही. तो श्रोत्याच्या मनात तयार होतो. त्यामुळे आक्षेप घेणाऱ्यालाच आपल्या मनात काय आले हे सांगण्याची पाळी येते. मात्र या युक्तीची पूर्तता समुदायात होते. जे मलाच सुचले असे वाटले, ते शेजारच्या शंभरांनाही सुचले आहे, हे एका क्षणात उघड होते आणि संकोच फुटून हसू बाहेर येते. हास्य हे नेहमी एखाद्या गटाचे असते, असे प्रतिपादन फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या हास्यविषयक ग्रंथात केले आहे. प्रवचनाने सारे रडत असता एक जण कोरडा राहिला, आणि कारण विचारता आपण या गावचे नव्हे असे म्हणाला, ही त्याने दिलेली गोष्ट हास्यालाही लागू पडते. घरी एकट्याने लहान पडद्यावर ‘पांडू हवालदार’ पाहणारा अभ्यासक असाच परगावचा असतो.

दोन अर्थ एकाच वेळी ऐकण्याची सवय या प्रदेशाला मुळीच नवी नाही. गोदावरीच्या पलीकडे, पैठणास, संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली. विंचू, भूत, जोशी, गोंधळी अशी लौकिक सोंगे वर, आणि परमार्थ आत, अशी त्यांची घडण आहे. कोंडके यांनी ही मांडणी उलटी केली : वर भाबडेपणा, आत लौकिकातील अगदी लौकिक. एकनाथांचा प्रभाव त्यांच्यावर होता असे येथे म्हणावयाचे नाही. भारुडाच्या श्रोत्याला दुसरा अर्थ स्वतः उलगडण्याचा सराव होता, एवढेच सांगावयाचे आहे.

मग सुशिक्षिताची अडचण आकलनाचीच आहे काय? भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले. स्मित आणि हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. येथे हसण्याच्या प्रमाणाला सामाजिक दर्जा जोडलेला आहे. कोंडके यांचा प्रेक्षक ज्या प्रकारे हसतो, तो या वर्गीकरणात शेवटच्या पायरीवर बसतो. लेखकास स्वतःविषयी असे आढळले की, ‘मला कळत नाही’ या वाक्यामागे पुष्कळदा ‘हसणाऱ्यांत माझी गणना होऊ नये’ ही इच्छा दडलेली होती. उलटपक्षी, चाळ कधीही न पाहिलेला बीडचा प्राध्यापक ‘बटाट्याची चाळ’ वाचून हसतो, ते हसू त्याला शिक्षणाने दिलेले आहे. खेड्यातील विद्यार्थ्याला ते अजून मिळालेले नसते, एवढाच दोघांतील भेद. त्या विद्यार्थ्याने लाजण्याचे काही कारण नाही.

तथापि सर्व न हसणे एका जातीचे नसते. वर्गात कोंडके यांच्या संवादांवर चर्चा चालली असता एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, मला दोन्ही अर्थ कळले, म्हणूनच हसू आले नाही.” या विनोदात आतील अर्थाचे लक्ष्य वारंवार स्त्रीचा देह असतो. ज्या समूहात बसून हसावयाचे, त्या समूहाच्या हसण्याचा विषय आपणच आहोत, हे तिला दिसत होते. तिच्या न हसण्याला अज्ञान म्हणणे चूक, आणि शिष्टपणा म्हणणे त्याहून चूक. ती रसिकतेची उणीव नसून विनोदावरील टीका होय.

तात्पर्य, विनोदाच्या अभ्यासकाने आपल्या न हसण्याची नोंद प्रामाणिकपणे करावी आणि स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. मला आवश्यक ते संदर्भ ठाऊक नाहीत काय? संदर्भ ठाऊक असून त्या समूहात बसण्याची मला लाज वाटते काय? की सर्व समजूनही मला हे मान्य नाही? पहिल्या प्रश्नावर उपाय अध्ययन, दुसऱ्यावर आत्मपरीक्षण. तिसऱ्यावर उपाय नको. तेथे समीक्षेला प्रारंभ होतो. लेखकापुरते सांगावयाचे तर, हे सर्व विवेचन करूनही ‘सोंगाड्या’ पाहताना त्याला क्वचितच हसू येते. परंतु हसणाऱ्यांना तो आता अडाणी समजत नाही, आणि वर्गात खोटे हसणारा विद्यार्थी दिसला की त्याला थांबवून, हसू का आले नाही, हे आधी विचारतो.