खंडेनवमी वर्षभर

पेठ तालुक्यात भात, नागली आणि वरई पिकते. मोठे कारखाने तेथे नाहीत, आणि म्हणून सुगी आटोपली की तेथील कित्येक माणसे सावळघाट ओलांडून द्राक्षबागांत किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत रोजगारासाठी येतात. यंत्रावर उभ्या राहणाऱ्याला तेथे पहिली शिकवण बहुधा अशी मिळते की, यंत्र चालविणे एवढेच त्याचे काम. बिघाडाचा इलाज मेंटेनन्स खात्याच्या अखत्यारीतला. ही वाटणी सोयीची दिसली तरी फार महाग पडते, हे जपानी अभियंते सेइइची नाकाजिमा यांनी प्रतिपादिले. आणि टोयोटाला सुटे भाग पुरविणाऱ्या निप्पॉनडेन्सो कंपनीने व्यवस्थापकापासून कामगारापर्यंत सर्वांना देखभालीत गोवणारी पद्धत रुजविली. 'टीपीएम' (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) या नावाने आपले कारखाने ओळखतात ती हीच.

तिचा हिशेब मोठा निष्ठुर आहे. ४८० मिनिटांच्या पाळीत ब्रेकडाउन आणि सेटिंग यांत एक तास गेला, तर यंत्र साडेसत्त्याऐंशी टक्के वेळ चालले; त्या वेळात गती अपेक्षेच्या ८० टक्केच राहिली आणि निघालेल्या मालापैकी ५ टक्के रिजेक्ट झाला, तर तिन्हींचा गुणाकार साडेसहासष्ट टक्क्यांवर येतो. दिवसभर यंत्र धडधडत असलेले पाहून समाधान पावणाऱ्या कारखानदाराच्या ध्यानीही येत नाही की, तिसरा हिस्सा नाहीसा झाला.

इलाजाचा आरंभ पुसण्यापासून होतो, कारण धूळ आणि तेलकट राड पुसताना ढिला नट, झिजलेला पट्टा, तेलाची गळती हाताला आपोआप सापडते. खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रे लखलखीत करून झेंडूच्या माळा घालतात. तीच शुश्रूषा येथे रोज, माळेवाचून, अपेक्षित असते. ऑइलिंग, नट आवळणे, आवाजातला वा तापमानातला फरक टिपणे हे ऑपरेटरने करावे, आणि मेंटेनन्सवाल्यांनी त्याला ते शिकवून स्वतः अवघड दुरुस्त्यांकडे वळावे, अशी ही तजवीज आहे.

पुष्कळ ठिकाणी मात्र तिचे पर्यवसान रंगविलेल्या फरशीत आणि तक्त्यांनी भरलेल्या भिंतींत होते. पाळीच्या आरंभी पुसण्यासाठी दहा मिनिटे मागितली की उत्पादनाचे टार्गेट पुढे केले जाते. आणि आवणीला गावी गेलेला कंत्राटी कामगार परत आला, तर त्याला वेगळ्याच यंत्रावर उभे करतात, तेव्हा आधीच्या यंत्राचा जो बदललेला आवाज फक्त त्याच्या कानाला ठाऊक होता, त्याची नोंद कोणत्याच तक्त्यावर नसते.