एक किलोमीटरची दोरी

दोरी कशी निवडावी हा लेखाचा विषय होऊ शकतो, असे मला दुबईला जाईपर्यंत वाटले नव्हते. इंटरनॅशनल सिटी नावाच्या वसाहतीत भाच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला. मोठी गमतीची वसाहत आहे ती. इमारतींच्या समूहांना देशांची नावे दिली आहेत: चीन, फ्रान्स, रशिया, मोरोक्को, ग्रीस. भाचा फ्रान्समध्ये राहतो आणि दूध आणायला इंग्लंडमध्ये जातो! शेजारीच ड्रॅगन मार्ट हा चिनी मालाचा बाजार आहे. २००४ साली सुरू झालेली त्याची मूळ इमारत सुमारे १.२ किलोमीटर लांब आहे.

तिथल्या एका दुकानात वाळूत रुतलेली जीप ओढून काढण्याच्या विंचसाठी निळ्या, तांबड्या दोऱ्या टांगलेल्या होत्या. भाच्याच्या खोलीतला सोबती पुण्याचा, आमच्याबरोबर आला होता. त्याने हडपसरला ग्लायडर चालवण्याचे शिक्षण घेतले आहे. हडपसरचे ग्लायडिंग केंद्र भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे. बिनइंजिनाचे विमान तिथे विंचने वर चढवीत. मैदानाच्या एका टोकाला यंत्रावरचे मोठे रीळ, दुसऱ्या टोकाला विमान, मध्ये सुमारे एक किलोमीटर दोरी. रीळ वेगाने फिरू लागले की विमान पतंगासारखे चढते. पुरेशी उंची आली की वैमानिक दोरी सोडून देतो.

"मग तुमच्या विमानाला हीच दोरी लावा की," भाचा म्हणाला.

"काका, हा प्रश्न थट्टेचा नाही," तो तरुण माझ्याकडे वळून म्हणाला. मग चहाच्या टेबलावर त्याने जे सांगितले, ते मी टिपून घेतले.

जुनी पद्धत पोलादी तारेची. पाच मिलिमीटर जाडीची एक किलोमीटर तार म्हणजे सुमारे शंभर किलो वजन. ती ओढून परत आणायला मोटार लागते, आणि चढणाऱ्या विमानालाही तिचे ओझे पेलावे लागते. तार ढिली पडली की तिला पीळ बसतो, आणि तुटलेले धागे माशाच्या काट्यासारखे हातात घुसतात. ताणाखाली तुटली तर तिचा फटका जीवघेणा. तेवढ्याच जाडीची पॉलिथिलीनच्या विशेष धाग्याची दोरी, जिला डायनीमा या व्यापारी नावाने ओळखतात, पंधरा किलोंच्या आसपास भरते. ताकद मात्र पोलादाहून जास्त. हा धागा काढण्याची रीत १९७९ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये स्मिथ आणि लेमस्ट्रा यांनी शोधली. हा धागा आपल्याला परका नाही. ल मॉर्नच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग करणाऱ्यांच्या पतंगाच्या दोऱ्या बहुधा याच धाग्याच्या असतात.

नायलॉन का नको? नायलॉन रबरासारखे ताणते. विमान जमिनीवरून ओढताना असा हिसका कोणाला हवा?

मग डायनीमाच घ्यावी आणि मोकळे व्हावे, असे मला वाटले. इथेच खरी मेख आहे. हा धागा सुमारे १५० अंश सेल्सियसला वितळतो आणि त्याआधीच त्याची ताकद घटू लागते. घर्षणाचे त्याला वावडे. वाळूचे कण विणीत शिरले की आतून कापत राहतात, म्हणून वाळवंटात किंवा मुरमाड धावपट्टीवर वरून लेप दिलेली दोरी लागते. जी कप्पी वर्षानुवर्षे पोलादी तारेने खरवडली गेली, ती नव्या दोरीला करवतीसारखी फाडते. म्हणून आधी कप्प्या बदलायच्या, मग दोरी आणायची. रीळही तपासावे लागते. ही निसरडी दोरी ताणाखाली थरावर थर बसून बाजूच्या तबकड्यांवर इतका दाब देते की कमजोर तबकड्या वाकतात.

गाठ तर मुळीच मारायची नाही. गाठीने तिची निम्मी ताकद जाते, शिवाय ती घसरते. तुटलेली दोन टोके एकमेकांच्या पोकळ विणीत लांबवर ओवायची. ओढ पडली की वीण आवळते आणि जोड पक्का बसतो. आपल्या कोळी बांधवांना हे काम सांगायला नको.

आता त्या दुकानातली दोरी. जीपसाठी ती उत्तम असेल, पण ती पंचवीस-तीस मीटरची. एक किलोमीटर दोरी करायची तर असे तीस-चाळीस तुकडे जोडावे लागतील. जीपचे विंच मुंगीच्या पावलाने ओढते, विमानाची दोरी ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे पळते. शिवाय पुडक्यावर छापलेली ताकद कोणी तपासली, हे दुकानदाराला ठाऊक नव्हते.

दोरी हवी तितकी दणकट घ्यावी, हेही खरे नाही. दोरी आणि विमान यांच्यामध्ये एक ठरावीक कमजोर कडी बसवतात. निळी सुमारे सहाशे किलोंच्या ओढीला तुटते, तांबडी साडेसातशेला, तपकिरी साडेआठशेला. कोणती लावायची हे त्या विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. दोरीने कडीपेक्षा बळकट राहायचे, म्हणजे जादा ओढ आली की आधी कडी जाते आणि विमानाचे पंख वाचतात. झिजलेली दोरी कडीच्या आधी तुटू लागली की ती टाकून द्यायची, मग तिची किंमत काहीही असो.

"आणि तुटलीच तर?" भाच्याने विचारले.

"नाक ताबडतोब खाली. आधी वेग, मग बाकी विचार. पन्नास मीटरवर तुटली तर सरळ समोर उतरायचे. मागे वळायचे नाही. हे अंगवळणी पडल्याशिवाय एकट्याला वर सोडतच नाहीत."

बिल देऊन आम्ही निघालो. भाच्याने त्या दुकानातून दोरी घेतलीच, पण वीसच मीटर, मित्राच्या जीपसाठी.