खेळाच्या ऐन रंगांत डोळे मिटणारा संगणक

गेल्या गणेशोत्सवानंतर आमच्या घरांत एक चमत्कारिक दुखणें शिरलें. दुखणें माणसाचें नव्हे, संगणकाचें. पण त्याचा ताप आमच्या अकरा माणसांच्या कुटुंबांत प्रत्येकाला थोडा थोडा चढला, म्हणून तें घरचें दुखणें म्हणावयास हरकत नाहीं. पुतण्या रात्रीं जेवणानंतर खेळावयास बसे. दहा मिनिटें, वीस मिनिटें सर्व ठाकठीक चाले. मग शत्रूवर चाल करून जाण्याची ऐन वेळ आली कीं पडदा एकदम काळा होई, पंखे क्षणभर थांबत, आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा साळसूदपणें यंत्र पहिल्यापासून सुरू होई. ना कसली सूचना, ना कसला आवाज.

अशा प्रसंगीं एकत्र कुटुंबांत वैद्यांना तोटा नसतो. आईचें मत पडलें कीं, इतक्या वेळ तापविल्यावर तें यंत्र तरी काय करील! शेजारच्या एका तरुणानें 'व्हायरस' असें निदान करून विंडोज नव्यानें घालावयास लावली. त्यांत रविवार गेला, आणि सोमवारीं रात्रीं यंत्रानें पुन्हा डोळे मिटले. पुतण्यानें तो खेळ काढून टाकून पुन्हा उतरवून घेतला. शंभर जीबीहून मोठा तो खेळ, त्याला सबंध रात्र लागली, आणि फळ तेंच. शेवटीं यंत्र दुकानांत नेलें. तेथील गृहस्थांनीं कॅबिनेट उघडून न पाहतांच 'ग्राफिक्स कार्ड गेलें' असें सांगितलें आणि नव्या कार्डाची ५० हजारांची किंमत कागदावर लिहून दिली. जुनें कार्ड पुतण्यानें दीड वर्ष शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून घेतलेलें. तेंहि कोणीं तरी वापरलेलें, हमी संपलेलें. तो कागद पाहून त्याचा चेहरा जो उतरला, तो आम्हांस अजून आठवतो.

आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत सर्व दादा म्हणतात, हिशेबखात्यांतून निवृत्त झालेले आहेत. त्यांनीं एका वाक्यांत निकाल दिला: खेळ बंद, आणि यंत्र विकून टाका. पण तेंच यंत्र आमच्या मधल्या बंधूंची कन्या आर्किटेक्चरच्या अभ्यासाकरितां वापरते. इमारतींचीं मोठालीं चित्रें त्यावर तासन्‌तास तयार होत असतात, आणि तिची परीक्षा महिन्यावर आलेली. विकणें लांबणीवर पडलें. मात्र मुलगा वीस मिनिटें म्हणतो तीं खरोखर वीसच असतात कीं चार तास, हा संशय दादांच्या मनांतून जाईना. त्यांनीं एक वही घातली. यंत्रावर कोण बसलें, केव्हां बसलें, केव्हां उठलें आणि यंत्र केव्हां बंद पडलें, हें सर्व ते तींत लिहूं लागले. वहीचा हेतु तपासणीचा होता, दुरुस्तीचा नव्हता; परंतु पुढें आम्हांस वाट दाखविली ती त्या वहीनें, हें कबूल केलें पाहिजे.

आम्ही या विद्येचे पंडित नव्हे. पण पुतण्या एके रात्रीं आमच्या खोलींत येऊन म्हणाला, "काका, कार्ड गेलें असतें तर चित्रच नीट दिसलें नसतें, नाहीं का?" त्याचें म्हणणें आम्हांस पटलें, आणि मग दोघांनीं मिळून शोध आरंभिला.

येथें वाचकांस एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. संगणक 'बंद पडला' या दोन शब्दांत लोक चार निरनिराळीं दुखणीं कोंबतात. खेळ तेवढा मिटून विंडोजचा पडदा दिसूं लागला, तर दोष बहुधा खेळांत अथवा कार्डाच्या ड्रायव्हरमध्यें असतो. चित्र गोठलें आणि आवाज घरघरत राहिला, तर तें निराळें. निळा पडदा येऊन त्यावर अक्षरें उमटलीं, तर विंडोजनें स्वतः हात टेकले असें समजावें. (विंडोज ११ मध्यें २०२५ च्या सुधारणेपासून तो पडदा निळ्याऐवजीं काळा असतो, अक्षरें मात्र असतात.) आणि कांहींहि न सांगतां यंत्र काळें होऊन पुन्हा सुरू झालें, तर विंडोजलाहि त्याची वार्ता नसते, तिच्या पायाखालची जमीनच सरकलेली असते.

यांत एक फसगत आहे. मूळच्या मांडणीप्रमाणें विंडोज असा पडदा दाखवून आपण होऊन यंत्र पुन्हा सुरू करते; पडदा इतका लवकर जातो कीं पाहणाऱ्यास तो दिसलाच नाहीं असें वाटतें. म्हणून 'सिस्टिम प्रॉपर्टीज'मधील 'ॲडव्हान्स्ड'च्या पानावर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' पुढील खूण आम्हीं प्रथम काढून टाकली. त्यानंतरहि दुसऱ्या रात्रीं यंत्र पूर्वीप्रमाणेंच न बोलतां उलटलें. याचा अर्थ, विंडोज नव्यानें घालणें, खेळ पुन्हा उतरविणें, हे सारे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं असे उद्योग झाले होते.

विंडोजजवळ घडामोडींचें एक दप्तर असतें. त्याचें नांव 'इव्हेंट व्ह्यूअर'. त्यांत प्रत्येक वेळीं 'कर्नेल पॉवर, ४१' अशी तांबडी नोंद सांपडली. यांतील 'पॉवर' हा शब्द वाचून पुष्कळांना गुन्हेगार सांपडल्यासारखें वाटतें. वस्तुतः ती नोंद एवढेंच सांगते कीं, मागच्या खेपेस यंत्र रीतसर बंद न होतां पुन्हा सुरू झालें. कारण ती सांगत नाहीं. तिच्या पोटांत 'बगचेक कोड' म्हणून एक आंकडा असतो, तो आमच्या येथें शून्य होता. म्हणजे विंडोजला कारण टिपावयासहि सवड मिळाली नव्हती. त्याच दप्तरांत 'व्ही' नांवाच्या नोंदी असत्या (इंग्रजी आद्याक्षरें डब्ल्यू, एच, ई, ए), तर संशय प्रोसेसरकडे वळला असता, त्या नव्हत्या. हा संशय निराधार नसतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांत असा दोष निघाला, आणि २०२४ मध्यें कंपनीनें मान्य केलें कीं आंतील मायक्रोकोडच्या चुकीमुळें प्रोसेसर वाजवीपेक्षां अधिक व्होल्टेज मागत असे. तिनें सुधारलेला मायक्रोकोड दिला आणि हमी दोन वर्षांनीं वाढविली. ज्यांच्या घरीं त्या पिढीचें यंत्र आहे, त्यांनीं मदरबोर्डाचा बायॉस नवा आहे कीं नाहीं तें आधीं पाहावें. आमचें यंत्र त्या पिढीचें नव्हतें.

आतां दादांची वही. बारा दिवसांत १४ वेळां यंत्र उलटलें होतें, आणि तें प्रत्येक वेळीं त्या एकाच खेळांत. पुतणी सलग तीन तीन तास चित्रें तयार करीत बसली, तेव्हां प्रोसेसरचे सर्व गाभे पुऱ्या जोरानें चालत असतांनाहि तें एकदां सुद्धां उलटलें नव्हतें. शिवाय तीन नोंदी अशा होत्या कीं, सबंध दिवस बंद असलेलें यंत्र सुरू करून खेळ उघडल्यावर पांच मिनिटांच्या आंत तें कोसळलें होतें. यावरून उष्णतेचा संशय कमी झाला. उष्णतेचा बाऊ लोक फार करतात. पण आजचे प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोंचले कीं प्रथम आपला वेग कमी करतात, आणि तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तरच बंद पडतात. तरीहि आम्हीं खात्री करून घेतली. खेळांत प्रोसेसर ७८ आणि कार्ड ७४ अंशांवर होतें. तें वावगें नाहीं. धूळ मात्र पुष्कळ निघाली, ती ब्रशानें काढली. पंखा झाडतांना तो बोटानें धरून ठेवावा, वाऱ्यानें गरगर फिरूं देऊं नये.

पुढें दोन किरकोळ संशयित. रॅमचा वाढविलेला वेग (त्यास एक्सएमपी म्हणतात) बायॉसमध्यें जाऊन बंद केला, आणि 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालविली. एकहि चूक निघाली नाहीं. मग यूपीएस. आमचा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षांत ३६० वॅटचा, कचेरीच्या साध्या संगणकाकरितां घेतलेला. त्यावर हें यंत्र लावणें मुळांतच चूक होती. तो काढून यंत्र भिंतींतील स्वतंत्र सॉकेटला जोडलें, आणि दोन रात्रीं कांहीं झालें नाहीं! वहिनींनीं शिरा केला. तिसऱ्या रात्रीं नऊ वाजून वीस मिनिटांनीं वहींत पुन्हा नोंद पडली. दादा म्हणाले, "अरे, खरें सांग, किती वेळ खेळत होतास?" पुतण्या म्हणाला, "बाबा, तुमच्या वहींतच पाहा ना!" वहींत सोळा मिनिटें होतीं. त्या दिवसापासून दादांचा सूर थोडा निराळा झाला.

आतां उरला तो एस्‌एम्‌पीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरविणारी पेटी. ती ५५० वॅटची, सहा वर्षांची, जुन्या यंत्रांतून आलेली. कार्ड तेवढें नवें बसविलें होतें. कार्डाची मागणी ३२० वॅट, प्रोसेसरची खेळांत शंभराच्या आसपास, इतर सर्व मिळून पन्नास. हिशेबाच्या दृष्टीनें ५५० पुरेसे दिसतात, आणि दादांनींहि बेरीज करून तसेंच सांगितलें. पण ३२० ही सरासरी आहे. पंगतींत बुंदीचे लाडू सरासरीनें पुरतील इतके केलेले असतात. परंतु सबंध पंगतीनें एकाच क्षणीं हांक मारली तर वाढप्याची त्रेधा उडते, कोठींत लाडू कितीहि असोत. खेळांत देखावा एकाएकीं बदलतो तेव्हां असें कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी वेळ आपल्या मागणीच्या दुपटीजवळ वीज ओढूं शकतें. जुनी पेटी हा झटका धोक्याचा समजून हात आंखडते, किंवा तिचा १२ व्होल्टांचा दाब खचतो. 'वीज ठीक आहे' असा एक संकेत ती मदरबोर्डाला सतत देत असते. तो संकेत तुटला कीं मदरबोर्ड त्याच क्षणीं यंत्र थांबवितो, आणि वीज सांवरली कीं नव्यानें सुरू करतो. विंडोजला कारण कां कळलें नाहीं, याचा उलगडा येथें होतो. या झटक्यांची अडचण इतकी सार्वत्रिक झाली कीं, २०२२ च्या एटीएक्स ३.० या मानकांत पेटीनें १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसावा अशी अट घालण्यांत आली.

ही उपपत्ति खरी कीं खोटी हें एक पैहि खर्च न करतां पाहतां येतें. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्यें वीजमर्यादा शंभरावरून सत्तर टक्क्यांवर आणली आणि चित्रांचा वेग सेकंदास ६० वर बांधून टाकला. चार रात्रीं यंत्र हूं कीं चूं न करतां चाललें. पांचव्या रात्रीं दोन्ही बंधनें काढलीं; आठव्या मिनिटाला पडदा काळा. त्या वेळीं पुतण्या आणि आम्ही टाळ्या पिटीत असलेले पाहून आई देवघरांतून धांवत आली.

कॅबिनेट उघडल्यावर आणखी एक गोष्ट आढळली. कार्डाला आठ आठ पिनांचीं दोन तोंडें. प्रत्येकाची नेमलेली मर्यादा १५० वॅट. पण दुकानांत जोडतांना पेटीकडून एकच केबल आणून तिच्याच शेपटीला असलेला दुसरा प्लग दुसऱ्या तोंडांत खुपसला होता. दोन स्वतंत्र केबली लावल्या, तेव्हां रोजचें उलटणें चार दिवसांतून एकदां, इतकें कमी झालें; थांबलें मात्र नाहीं. मग पुतण्याच्या मित्राची ८५० वॅटची पेटी तिच्या केबलींसह दोन दिवस उसनी आणली. 'तिच्या केबलींसह' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहीत आहों. सुटणाऱ्या केबलींच्या पेट्यांत पेटीकडच्या टोकाला तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. एकीची केबल दुसरीला प्लग बसतो म्हणून लावली, तर डिस्क आणि मदरबोर्ड जळून जातात. तसेंच पेटी स्वतः उघडूं नये. वायर काढल्यावरहि आंतील कपॅसिटरांत जीवघेणा भार राहूं शकतो.

उसन्या पेटीवर दोन दिवस कसलीहि मर्यादा न घालतां खेळ चालला. तेव्हां कोठें खिशांत हात घातला. नवी ८५० वॅटची पेटी १० हजारांच्या आंत आली, आणि पैसे दादांनीं दिले; 'पुतणीच्या परीक्षेकरितां' असें ते म्हणाले. ५० हजारांचा तो कागद पुतण्यानें जपून ठेवला आहे. नव्या कार्डानें हें दुखणें बरें झालें असतें काय? तितकीच किंवा अधिक वीज ओढणारें कार्ड त्याच पेटीवर बसलें असतें, म्हणजे मुळींच नसतें झालें. दुकानदार गृहस्थांनीं लबाडी केली असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं पाहिलेंच नाहीं, इतकेंच.

जुनी पेटी भंगारवाल्यास न देतां ई-कचरा घेणाऱ्या संस्थेकडे द्यावी म्हणून बाजूला ठेवली आहे. पुतणीचीं चित्रें वेळेवर पुरीं झालीं. दादांची वही मात्र बंद झालेली नाहीं. यंत्र उलटल्याची नोंद तींत दोन महिन्यांत पडलेली नाहीं, म्हणून तो रकाना खोडून त्यांनीं तेथें 'मुलगा किती वाजतां झोपला' असा नवा रकाना आंखला आहे.